डब्याची मागची बाजू

सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या भरल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली आणि भिंतीही भरल्या तेव्हा पायऱ्यांवर बसली. मंचावर एक टेबल, टेबलावर काचेचा ग्लास, आणि ग्लासामागे अन्नगुरू. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लपवायला जागाच नाही, हे दिसावं म्हणून.

"कुणाकडे पावाचा तुकडा आहे का?" गुरूंनी विचारलं. "माझा नको. माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही. तुमचाच द्या."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून पाव काढून दिला. गुरूंनी तो पाण्यात कुस्करला आणि वर एका बाटलीतून तपकिरी थेंब टाकले. पाणी दौतीतल्या शाईसारखं काळं झालं.

"हा माझा परीक्षा-अर्क. विष दिसलं की काळा पडतो. आज सकाळी हेच तुम्ही घरच्यांना वाढलंत."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग गुरूंनी आपल्या डब्यातली चमचाभर पूड त्या काळ्या पाण्यात टाकली, दोनदा ढवळली, आणि पाणी गढूळ पांढरं झालं. काळा रंग नावालाही राहिला नाही.

"जे ग्लासात झालं, तेच पोटात होतं," गुरू शांतपणे म्हणाले. आधी एका कोपऱ्यातून टाळी वाजली, मग सगळीकडून.

तिसऱ्या रांगेत भिंगवाले बसले होते. छापखान्यात त्यांना सगळे याच नावानं ओळखत. तीस वर्षं त्यांचं काम एकच: छापून आलेल्या लेबलावर भिंग ठेवायचं, रंग सरकलाय का, अक्षराच्या कडा फुटल्यात का ते बघायचं, आणि कोपऱ्यात सही करायची. गुरूंच्या डब्याचं लेबलही त्यांच्याच हाताखालून जाई. गेले अकरा महिने.

शेजारी त्यांची मेहुणी बसली होती. घरात तिला धाकटी म्हणत, कारण थोरली म्हणजे भिंगवाल्यांची बायको. थोरलीला जाऊन तीन महिने झाले होते. दोघी बहिणींना साखरेचा आजार. थोरलीनं आठ महिने गोळ्या सोडून ही पूड घेतली, आणि शेवटच्या आठवड्यात ती माणसं ओळखेनाशी झाली. आता धाकटीनंही गोळ्या बंद केल्या होत्या.

"बघितलंत ना भावोजी?" ती म्हणाली. "ताईनं उशिरा सुरू केलं, एवढंच चुकलं."

भिंगवाल्यांचं लक्ष ग्लासाकडे होतं. त्या तपकिरी थेंबांचा वास त्यांना कुठंतरी भेटलेला होता. कुठं, ते आठवेना.

आठवलं चार दिवसांनी. नव्या कागदाची कड धारदार असते. गठ्ठा हलवताना त्यांचं बोट कापलं. प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडीन त्यांनी बोटावर ओतलं, सभेतला तोच वास आला, आणि त्याचा एक ओघळ खालच्या छापील कागदावर पडला. ओल्या शाईचे कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून यंत्र त्यांच्यावर एक बारीक पांढरी पूड उडवतं. ओघळ पडला तिथं ती पूड काळीकुट्ट झाली.

भिंगवाले गोदामात गेले आणि त्या पुडीचं पोतं वाचलं. मक्याचं पिष्ट, स्टार्च. म्हणजे पिष्ट आणि आयोडीन एकत्र आलं की काळं. पाव काळा, भात काळा, उकडलेला बटाटाही काळा. कसलं विष आणि कसलं काय.

मग ते आपल्या टेबलाशी आले, गुरूंच्या डब्याचं लेबल समोर घेतलं, उलटं केलं आणि त्यावर भिंग ठेवलं. त्या बारीक अक्षरांची प्रत्येक कड त्यांनी हजार वेळा तपासली होती. आज पहिल्यांदा त्यांनी ती वाचली.

दोन शब्द कळले नाहीत. ते कागदावर उतरवून ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजे क जीवनसत्त्व. त्या आंबट गोळ्या असतात ना, त्याच. आयोडीनवर टाका, रंग उडतो. शाळेत करून दाखवतात."

"आणि हे? माल्टोडेक्स्ट्रिन?"

"पिष्ट फोडून केलेली पूड. साखर व्हायच्या वाटेवर अर्धी गेलेली म्हणा. जिभेला फारशी गोड लागत नाही, पण रक्तात साखरेसारखीच चढते." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाला देताय?"

"देत होतो," भिंगवाले म्हणाले.

लेबलाच्या दर्शनी बाजूवर हिरव्या अक्षरांत होतं: साखर घातलेली नाही. मागच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं. जे सगळ्यांत जास्त, ते पहिलं, एवढं त्यांना कामातून ठाऊक होतं. वाहतुकीत चेपलेले डबे गुरूंचा कारखाना छापखान्याच्या लोकांना स्वस्तात देई. ते डबे त्यांनीच घरी नेले होते. थोरली म्हणायची, "तुमच्या हातून पास झालेला डबा आहे, वाचायचं काय त्यात?"

पुढच्या सभेला ते धाकटीला घेऊनच गेले. गुरूंनी पाव मागितला तेव्हा भिंगवाले उठले आणि मंचावर चढले. भाषणाची सवय नव्हती. त्यांनी पिशवीतून एक उकडलेला बटाटा काढला, पाण्यात कुस्करला, छापखान्यातलं आयोडीन टाकलं. पाणी काळं. मग चुरडलेली आंबट गोळी टाकून ढवळलं. पाणी पुन्हा पांढरं.

"हा बटाटा मी घरी उकडला," ते म्हणाले. "विष नाही. हे जखमेवर लावायचं औषध, ही औषधाच्या दुकानातली गोळी. यांच्या पुडीत हीच घातलीय. पोटातलं विष धुण्याशी याचा काही संबंध नाही."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या सभेत पाव देणाऱ्या बाई मान पुढं काढून बघत होत्या. क्षणभर भिंगवाल्यांना वाटलं, झालं.

अन्नगुरूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "टाळ्या वाजवा यांच्यासाठी. जे मी इतके दिवस सांगतोय ते यांनी एका बटाट्यात सिद्ध केलं. क जीवनसत्त्व. मी लपवलंय? डब्यावर लिहिलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण यात साखर होणारी पूड आहे," भिंगवाले म्हणाले. "साखरेचा आजार असलेल्याला..."

"काका, डब्यावर काय लिहिलंय? साखर घातलेली नाही. घातलीय का?"

"नाही, पण..."

"मग खोटं काय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, बटाटा खाऊन घ्या आता." हशा पिकला. पाव देणाऱ्या बाईही हसल्या. सभा संपल्यावर त्यांनी दोन डबे घेतले.

महिन्याभरात छापखान्यात नवं लेबल आलं. पुढच्या बाजूवर नारिंगी गोलात लिहिलं होतं: आता क जीवनसत्त्व दुप्पट. भिंगवाल्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मालकांकडे गेले.

"यावर मी सही करणार नाही."

"रंग सरकलाय?"

"रंग बरोबर आहे. मजकूर बरोबर नाही."

मालक वाईट माणूस नव्हते. थोरली गेली तेव्हा दोन दिवस ते भिंगवाल्यांच्या घरी येऊन बसले होते. "अहो, मजकूर कायद्यात बसतो. आणि आपण छापतो, वाचत नाही. तुम्ही सही केली नाहीत तर दुसरा करेल."

दुसऱ्यानं केली. दुपारपर्यंत यंत्रातून चाळीस हजार लेबलं पडली, त्यावर ती बारीक पांढरी पूड उडाली, आणि गठ्ठे बांधून झाले.

आता भिंगवाले रोज सकाळी कामावर जाताना धाकटीकडे जातात. साखर मोजायचं छोटं यंत्र सोबत नेतात. ती बोट पुढं करते. भावोजींना नाही म्हणायचं कसं? परवा आकडा आला तीनशे बारा.

"यंत्र जुनं झालंय तुमचं," ती म्हणाली.

"नवं आहे."

"ताईच्या वेळचं जुनंही असंच दाखवायचं."

"ताईच्या वेळीही खरं तेच दाखवत होतं गं."

धाकटी ओट्याकडे वळली. डबा उघडला, चमचा काढला. पाठ तशीच ठेवून म्हणाली, "तुम्ही खरं बोलताय हे मला त्या बटाट्याच्या दिवशीच कळलं होतं. पण ते खरं धरलं, तर ताईच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या. तिला त्या सभेला मीच नेलं. मग मी काय करू, सांगा."

"डबे मी आणले. तू एकटी नाहीस."

"म्हणजे दोघांनी मिळून मारली."

भिंगवाल्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं. मग ते एवढंच म्हणाले, "गोळी घे. ते कबूल करायचं नसेल तर करू नकोस. नुसती गोळी घे."

तिनं पूड पाण्यात टाकली, ढवळली आणि त्यांच्यासमोर उभ्यानं पिऊन टाकली. गोळ्यांचं पाकीट खिडकीत होतं. न फोडलेलं.

ती गोळ्या घेईल की नाही, ठाऊक नाही. बहुधा नाही घेणार. सभागृह अजून भरतं, पाणी काळं होतं, पांढरं होतं. म्हणून वाचणाऱ्याकडे मागणं एकच आहे. घरात जो डबा असेल तो उलटा करा. पुढं मोठ्या अक्षरांत काय नाही ते लिहिलेलं असतं. मागं बारीक अक्षरांत काय आहे ते. यादीतलं पहिलं नाव वाचा. कळलं नाही तर विचारा, विचारायची लाज वाटू देऊ नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी डब्याच्या भरवशावर सोडू नका. आणि ओळखीच्या माणसानं आणलाय म्हणून तर मुळीच न वाचता उघडू नका. थोरलीनं तसाच उघडला होता.