कोऱ्या कापडातली पोथी

माझे अब्बा, फखरुद्दीन शेट, जुन्या हस्तलिखितांचे वेडे. धामणकर नाक्याजवळ आमच्या कापडाच्या लूम होत्या आणि वरच्या माळ्यावर त्यांची पोथ्यांची कपाटं. फारसी, मोडी, संस्कृत, सगळं. हात लावायची परवानगी कुणालाच नाही, मलाही नाही. माझं डोकं फिरायचं.

पूर्णा गावच्या राहीबाईंनी घरची पोथी अब्बांकडे सांभाळायला दिली, तेव्हा ती जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात बांधलेली होती. "ही चिंधी कशाला," म्हणत अब्बांनी तो तुकडा त्यांच्यासमोरच फेकला आणि पोथी आमच्या लूमवरच्या कोऱ्या, कडक कापडात बांधली. राहीबाईंनी तुकडा गुपचूप उचलला.

दोन हजार सहाच्या श्रावणात राहीबाई पोथी वाचायला न्यायला आल्या. अब्बांनी ऐटीत गाठ सोडली. आत चाळण झालेली पानं आणि भुसा.

कोऱ्या कापडाला पिठाची खळ असते, खळीला कीड लागते. धुतल्याशिवाय कपाटात ठेवू नका, असं अब्बाच गिऱ्हाइकांना बजावायचे. आता त्यांची मान वर होईना. मलाही बाईंकडे बघवेना.

राहीबाईंनी पोथी न्यायला आणलेला तोच लुगड्याचा तुकडा पिशवीतून काढला. उरलेली पानं त्यात बांधली आणि अब्बांच्याच हातात दिली.

"ऱ्हाऊ दे हितंच, शेट. घरी सांगन, चांगली ठेवलीय म्हणून."