काळा भुगा

कृष्णरावांनी पुडी उलगडून चूर्ण पांढऱ्या बशीत ओतलं. आगपेटीतल्या काडीनं ते पसरवत त्यांनी विचारलं,

"याच्यात काय काय आहे?"

तुळसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांची सून हिरा म्हणाली, "निरगुडी, सुंठ, गुळवेल, एरंडाचं मूळ. अन् काळा भुगा."

"काळा भुगा? तो कशाचा?"

लग्न होऊन भिलाईला आल्यापासून हिरा चूर्ण चाळत होती, पोलाद कारखान्याच्या कामगारांच्या कॅम्पच्या बाजारात बसून वाताच्या पुड्या विकत होती. पण हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तिनं सासूकडे पाहिलं. तुळसाबाई जळतं लाकूड आत सारत होत्या.

"दुर्गच्या दयाराम पसाऱ्याच्या दुकानातून आणतो," हिरा म्हणाली. "तयारच भेटते."

कृष्णराव मूळचे नागपूरचे, आता दुर्गच्या कचेरीत औषध निरीक्षक. घरांच्या मागच्या रांगेतला केवलराम काल कारखान्याच्या रोलिंग मिलमधून घरी आला आणि त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा त्याची बायको भागीरथा म्हणाली, कंबर दुखते म्हणून रोज तुळसाबाईंची पुडी घेतात, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी कृष्णरावांना निरोप पाठवला होता.

"सरकारले आमच्या झाडपाल्याशी काय करायचं आहे?" तुळसाबाई आता वळल्या. "सासूनं मले शिकवलं, मी हिले शिकवून राहिली. गोळ्यांच्या कारखान्यांले जाऊन विचारा ना."

"त्यांना विचारतोच, बाई. गोळीत काय घातलंय ते त्यांना छापावं लागतं. देशी औषधांसाठीही कायदा मंजूर झालाय, पण लागू व्हायचा आहे. तेव्हा आज मी तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नाही. नुसतं विचारू शकतो."

"अन् छापलं म्हणजे लोकाले समजते? इथं वाचता कोणाले येते?"

"सगळ्यांना नाही येत," कृष्णराव म्हणाले. "पण केवलरामच्या डॉक्टरांना आलं असतं."

कृष्णरावांनी बशीतलं चूर्ण पुन्हा कागदात बांधलं, खिशात ठेवलं आणि सायकल दवाखान्याच्या दिशेनं वळवली.

ते गेल्यावर हिरानं भुग्याचा डबा खाली काढला. मूठभर भुगा पातेल्यातल्या पाण्यात टाकला आणि बोटानं ढवळला. काळं काळं होतं ते वर तरंगलं. ते कोळशाचं होतं, हाताला तसंच लागलं. तळाशी मात्र पांढरा साका बसला. तिनं तो जिभेला लावून पाहिला. आंबट, मागून कडू. मग डब्यातला उरलेला भुगा सुपात पसरून ती बोटांनी चाचपत राहिली. एक खडा टोचला. तो तिनं पदरानं पुसला. नखाएवढा पांढरा तुकडा होता, एका बाजूनं गोल आणि गुळगुळीत. असा गोल काठ कुटलेल्या मुळीला येत नाही.

"आत्याबाई, ही गोळी आहे."

तुळसाबाईंनी तुकडा हातातही घेतला नाही. "मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"मग टाकत कावून होत्या?"

"आपल्या गावाकडं निरगुडी बांधावरच होती. इथं आलो तं कारखान्यासाठी सारं खणून काढलेलं. बाजारात जुनं, वाळकं भेटे, त्याचा गुण येईना. माणसं पाठ धरून दारात बसत. दयाराम म्हणाला, हे टाकून पाहा. टाकलं अन् घडीभरात दुखणं उतरलं." त्यांनी हात पुसले. "झाडपाला असा घाई करत नाही. पण माणसं उठून कामावर जाऊन राहिली होती. मंग कशाले विचारू?"

हिरा तुकडा हातात धरून उभी होती. चूल विझवून तुळसाबाई उठल्या. डोक्यावरून पदर घेतला.

"आण तो," त्या म्हणाल्या. "चाल."

दवाखान्यात केवलराम उशीला टेकून होता. रक्त थांबलं होतं, पण चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. भागीरथा पायथ्याशी बसली होती. दाराशी कृष्णराव आणि तरुण डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते. हिरानं तुकडा डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, वास घेतला.

"ॲस्पिरिनसारखी दिसते," ते म्हणाले. "तिनं दुखणं थांबतं, पण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तपासायला पाठवू. कुठून आली?"

"दयाराम पसाऱ्याच्या भुग्यातून," तुळसाबाई म्हणाल्या. "साहेब, नाव लिहून घ्या. माझंही घ्या."

मग त्या खाटेजवळ गेल्या. "केवल, पुडीत गोळ्या होत्या रे."

केवलराम उशीवरून थोडा वर सरकला.

"काकी, गोळ्यांनं माझ्या पोटात आग पडते. मागं एकदा असंच झालतं. गोळी घेऊ नको म्हणून डॉक्टरनंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तं मी तुमच्याकडं येत होतो."

भागीरथानं पदर तोंडाशी नेला. तुळसाबाईंनी खाटेची लोखंडी दांडी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. हिरानं हात लावला तेव्हा कुठे त्या हलल्या.

केवलराम वाचला. त्याला हलकं काम मिळालं. कृष्णराव दयारामच्या दुकानी गेले तेव्हा दुकानात भुगा नव्हता, आणि असला भुगा आपण कधी विकलाच नाही, असं दयाराम म्हणाला. त्याचं पुढे काय झालं ते कॅम्पात कोणाला कळलं नाही.

पुढच्या बाजारी हिरा पुड्या घेऊन बसली. तुळसाबाई कधी बाजारात येत नसत. त्या दिवशी आल्या आणि तिच्या शेजारी गोणपाटावर बसल्या. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करणारे रामाजी गुडघे सावरत आले आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

"काका, याच्यात काळा भुगा नाही आता," हिरा म्हणाली. "गुण हळू येईल. येईल का नाही, तेही सांगता येत नाही."

"मंग काय करायचं ते घेऊन?" रामाजींनी हात मागे घेतला. "मी दयारामकडूनच आणतो."

ते वळले.

"रामाजी," तुळसाबाईंनी हाक मारली. "तुमचं पोट कसं असते?"

"पोट? गुडघा दुखते माझा."

"ते माहीत आहे. पोटात आग पडते का कधी? जेवण जाते का?"

"आजवर तं कधी विचारलं नाही तुम्ही. आज कावून विचारून राहिल्या?"

तुळसाबाई सरकल्या. गोणपाटावर एका माणसापुरती जागा झाली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगा."

रामाजींनी पुड्यांकडे पाहिलं, मग तुळसाबाईंकडे. गुडघ्यावर हात टेकून ते हळूहळू खाली बसले.