परक्या दाताची हिरडी

आरसा नखाएवढा, आणि त्यात तो दात — पांढराशुभ्र, निर्दोष. भोवतीची हिरडी मात्र लाल, फुगलेली, जरा दाबताच पू सोडणारी... वनमालाबाईंना त्या दाताची दयाच आली. परवापरवा तर बसवला, आणि बिचाऱ्याच्या बुडाशी ही आग! राजधानी झाल्यापासून रायपुरात दाताचे डॉक्टर पानठेल्यांइतके वाढले होते. समता कॉलोनीतली ही देवश्री त्यांतली वयानं सर्वांत लहान आणि सर्वांत कडक.

“आंटी, इस पर लगाती क्या हैं?”

“मंजन,” त्या म्हणाल्या; मग ते तिच्या नजरेपुढे टिकेना. “गुडाखू. सूज आली म्हणून जास्तच घासून राहिली होती. खोट्या दाताले काय होते, म्हटलं!”

देवश्री हसली, पण एक्स-रेवर दाताच्या स्क्रूभोवतीचं झिजलेलं हाड दाखवलंच. “दाँत नकली है, मसूड़ा तो आपका है ना? आज साफ कर देती हूँ. गुडाखू नहीं छूटा, तो स्क्रू निकालना पड़ेगा.”

सुई टोचली, ओठ जड झाला, हिरडी उघडून आत खरवडणं-धुणं सुरू झालं — आणि वनमालाबाई मनानं पुरानी बस्तीतल्या ओट्यावर जाऊन बसल्या... वर्ध्याहून लग्न होऊन आलेली पोर, नवरा, बाबाराव, रेल्वेच्या ड्युटीवर, इथली बोली कळत नाही, दुपार सरता सरत नाही. आणि समोरच्या मीराबाईंनी गुडाखूची डबी उघडून पुढे केलेली — ले ना, दीदी! तंबाखू-गुळाच्या त्या काळ्या लगद्यानं अख्खा पारा, ती सगळी गल्लीच, त्यांना आपली झाली होती. तेव्हापासून रोज दुपारी बोट तोंडात, अर्धे शब्द गिळलेले, तरी सगळं कळायचं. दात गेला तर हसताना खिंड दिसेल, दिसू दे. पण ती दुपार गेली तर? दात राखायचा म्हणून मीराबाई सोडायची? काहीतरीच!

“हो गया. अगले महीने फिर एक्स-रे. बचेगा कि नहीं, अभी नहीं कह सकती.”

ऑटोत बसल्यावर त्यांना वाटलं, डबी नाही तर नाही, ओटा कुणी उचलून नेलाय? पण रिकाम्या तोंडानं बोलायचं काय? इतकी वर्षं तोंड भरलेलं होतं ते बरंच होतं. एक गोष्ट त्यामुळे कधी बोलावीच लागली नव्हती... “मीराबाई,” बधिर ओठांनी त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, “तुम नहीं होती ना, तो मैं पहले महीने में ही वर्धा भाग गई होती.” लाळ हनुवटीवर ओघळली. ऑटोवाल्यानं वळून पाहिलं, तशा त्या खुदकन हसल्या. हे असं धडधडीत सांगायचं, या वयात, त्या बाईच्या तोंडावर? आणि तरी ऑटो इतका रमतगमत काहून चालला आहे, याचाच त्यांना राग येत होता.