दहा लाखांवरचा एक

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. दहा लाख एक. दोन टोकांना एक-एक आणि मध्ये पाच शून्यं. डावीकडून वाचा की उजवीकडून, मी आपला तोच. माझे शेजारी दहा लाख मात्र भारी मिरवायचे. त्यांना दोनाने भाग जातो, पाचाने जातो, शंभराने जातो. मला कोण विचारणार? मोजणारी माणसं दहा लाखांपाशी हुश्श करतात आणि घरी जातात.

पण एकदा माझं नशीब उघडलं. एका शाळेत पोहण्याच्या तलावापाशी शंभर मीटर लांब, एक मीटर उंच भिंत होती. तिच्यावर सेंटीमीटरभराच्या निळ्या टाइल्स लावायच्या होत्या. उभ्या शंभर, आडव्या दहा हजार, म्हणजे बरोबर दहा लाख. त्या भाजणाऱ्या आत्यांचं हे शेवटचं काम होतं. त्यांच्या भट्टीची रीत अशी, की आधी एक जास्तीची लाल टाइल भाजायची, ती त्याच कामात बसवायची आणि शेवटी एकही टाइल उरू द्यायची नाही. एरवी ती कुठेतरी कोपऱ्यात मावून जायची. इथे मात्र भिंत सरळसोट. टाइल्स झाल्या दहा लाख एक, म्हणजे साक्षात मी!

भिंतीचे मिस्त्री कपाळाला हात लावून बसले. "अहो आत्या, ही एक कुठे चिकटवू? भिंतीला शिंग फुटल्यासारखं दिसेल."

"मग ओळी कमी-जास्त करून दुसरा चौकोन मांड की," आत्या म्हणाल्या.

मिस्त्रींकडे मूळ संख्यांचा शाळेतला तक्ता होता. त्यांनी मला दोनाने भागलं, तिनाने भागलं, करत करत सत्त्याण्णवपर्यंत आले. दर वेळी बाकी उरली. "कशानेच भाग जात नाही याला. ठेवा ती टाइल खिशात."

आत्यांचा चेहरा एवढासा झाला. मलाही फार वाईट वाटलं. मी खरंच कुणाच्या कामाचा नाही, असं मीसुद्धा धरून चाललो होतो.

आत्यांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "हा तर शंभरातच संपला! शंभरावर आकडे संपतात होय रे? एकशे एकाने भाग बघू."

मिस्त्रींनी भागलं. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य! मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो.

मिस्त्रींनी वरून गिलावा चढवून भिंत सेंटीमीटरभर उंच केली. टाइल्सची एक ओळ वाढली आणि लांबी नव्व्याण्णव सेंटीमीटरने घटली. टोकाला पाय धुण्याचा नळ होता. त्याच्याभोवती टाइल्स कापायच्या कशा, म्हणून मिस्त्री आठवडाभर कुरकुरत होते. आता तो नळ आपोआप मोकळा सुटला.

"आणि लाल कुठे लावू?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजू विषम आहेत ना? मग मधोमध जागा असणारच."

खरंच होती. वर पन्नास, खाली पन्नास. डावीकडे चार हजार नऊशे पन्नास आणि उजवीकडे तेवढ्याच. आत्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ती लाल टाइल दाबून बसवली आणि बराच वेळ अंगठा काढलाच नाही. दहा लाखांच्या भिंतीला असा मधला मिळालाच नसता, मित्रांनो!

आता मुलं पाण्यात उतरण्याआधी तिला बोट लावून जातात. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कुणी एक उरला, कशातच बसेना, तर त्याला टाकू नका. शंभरापाशी थांबू नका, आणखी एक भागाकार करून बघा.