फ्रिजची पांढरी पाच

पियानो दुरुस्तीच्या त्या कारखान्यात सगळे तिला फेल्टताई म्हणत. पियानोतल्या लाकडी हातोड्यांवर फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. हात असा बसलेला की डोळे मिटून काम करील. पण कारखान्याचे मालक असलेल्या मास्तरांना आता तिचा हात नको होता, कान हवा होता. नऊ महिन्यांत तार सुरात लावणारं माणूस तयार झालं नाही तर कारखान्याला कुलूप घालीन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

म्हणून गेले नऊ महिने फेल्टताई रोज सकाळी सहाला स्वयंपाकघरात उभी राहून गळ्यातून एकच सूर लावत होती, पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा. चहाला उकळी येईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं. ताप असो, पाहुणे असोत, खाडा नाही. पहिले तीन महिने मास्तरांनी दिलेला दोन शिंगांचा लोखंडी काटा सोबत होता. तो गुडघ्यावर आपटला की नेमकी तीच पांढरी पाच गुणगुणे. मग मास्तरांनी काटा परत घेतला. "आता कुबडी पुरे, ताई. उठल्या उठल्या सूर मनातूनच यायला हवा."

आणि तो येत होता! ती खूश होती. शिंपीकाम करणारा नवरा सुईत दोरा ओवता ओवता मान डोलवायचा, म्हणजे तोही खूश असावा.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा मास्तरांनी एक तार सैल केली आणि म्हणाले, "पांढरी पाचवर आणा." तिने आणली. मास्तरांनी काटा आपटून तारेशी धरला आणि तोंड वाकडं केलं. तार केसभर चढी होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. फेल्टताईचं तोंड एवढंसं झालं.

मास्तर मात्र दाढी खाजवत बसले. "कच्चा कान कधी वर चुकतो, कधी खाली. तुम्ही तिन्ही दिवस एकाच जागी चुकलात. ही चूक तुम्ही कुठून तरी शिकून आलाय. शनिवारी शेवटचं बघू."

रडायचं सोडून ती विचारात पडली. शिकले, पण कुणाकडून? रस्त्याने जाताना तिने दुकानांच्या घंटा ऐकल्या, जिन्यातला पंखा ऐकला, नवऱ्याचं शिलाई मशीनही ऐकलं. एकही जुळेना.

गुरुवारी सकाळी तिने सूर लावायला तोंड उघडलं आणि काहीच येईना. नुसती हवा.

"अहो, माझा सूर गेला!"

"जाईल कुठं? मी फ्रिज पुसायला काढलाय. थांब, प्लग लावतो." नवऱ्याने बटण दाबलं. फ्रिज घरघरला, आणि त्याबरोबर तिच्या गळ्यातून सूर आपोआप निघाला.

फ्रिजच्या घरघरीत तोच सूर होता.

"म्हणजे सहा महिने तू याच्यापाशी शिकत होतीस?" नवरा हसून हसून खुर्चीत बसला. तीही हसली, पण शनिवार आठवला. सहा महिन्यांची शिकवण दोन दिवसांत कशी पुसणार? मग वाटलं, पुसायची कशाला? मोजून तर बघू.

तिने मास्तरांकडून एका सकाळपुरता काटा मागून आणला. "पुन्हा कुबडी?" त्यांनी भुवई उंचावली. "तुलना करायचीय," एवढंच ती म्हणाली. शुक्रवारी फ्रिजच्या दाराशी कान लावून तिने काटा आपटला. दोन सूर जवळजवळ असले पण एक नसले की आवाज झोके घेतो, हे कारखान्यात पोरासोरांनाही ठाऊक. घड्याळ हातात धरून तिने झोके मोजले. सेकंदाला चार. दहा वेळा मोजले, दहाही वेळा चारच.

शनिवारी मास्तरांनी पांढरी पाच या एकाच सुराच्या दोन तारा सैल केल्या. फेल्टताईने डोळे मिटले आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. पहिली तार बेधडक फ्रिजवर नेली. दुसरी तिच्याहून उतरती ठेवून तार पिळायची किल्ली हळूहळू फिरवत राहिली, झोके सेकंदाला चार होईपर्यंत. मग पहिली तार उतरवून दुसरीला मिळवली.

मास्तरांनी काटा आपटला. झोका नाही. पुन्हा आपटला. आवाज सरळ, शांत.

"हे कुणी शिकवलं?"

"फ्रिजने," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून त्यांनी कित्येक वर्षं वापरलेली आपली किल्ली तिच्या हातात दिली.

"उद्यापासून फ्रिज बंद करून सूर लावा. पण लावा रोज." ते जरा थांबले. "ताई, वरचे सूर मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाहीत. अंदाजाने लावतोय. गिऱ्हाईकांना कळायच्या आत कारखाना बंद करणार होतो."

एवढी वर्षं ज्यांच्या कानाला सगळे घाबरत आले, ते मास्तर लहान मुलासारखे तिच्याकडे बघत होते. फेल्टताई पियानोच्या अगदी उजव्या टोकाला सरकली आणि शेवटची, सगळ्यात वरच्या सुराची पट्टी दाबली.

"वाजली?" मास्तरांनी विचारलं.

"वाजली," ती म्हणाली. "थोडी उतरलीय. मी लावते."