बॉल हवेत असताना

बास्केटबॉलचे प्लेऑफ सुरू झाले की माझा कुणावर म्हणून विश्वास राहत नाही. रेफ्रींवर तर नाहीच; कुंपणच शेत खातं ही म्हण गळ्यात शिट्टी अडकवून फिरणाऱ्यांकडे बघूनच कुणीतरी काढली असणार. वेळापत्रक लावणाऱ्यांवरही नाही. आमच्या निळ्यांना दर वेळी रात्रभर प्रवास करून लगेच खेळायला उतरावं लागतं आणि पिवळ्यांना मात्र मध्ये आराम मिळतो, हा योगायोग असेल तर मी महाराणी आहे. आणि टीव्हीवर सूट घालून बसलेले ते तज्ज्ञ! उंटावरून शेळ्या हाकणारे नुसते. त्यातला टकलू तर स्वतः पिवळ्यांकडून खेळलेला, तो आमचं भलं कशाला चिंतेल? म्हणून आमच्या घरात प्लेऑफभर टीव्हीचा आवाज बंद असतो. चित्र त्यांचं, आवाज माझा. लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनला हा नियम ठरला आणि नवऱ्याने तो निमूट मान्य केला.

यंदा उपांत्य फेरीत निळे विरुद्ध पिवळे अशी गाठ पडली. सातपैकी चार सामने जिंकेल तो फायनलला जाणार. पहिल्या सामन्याआधी आमच्या टीमने जाहीर केलं, ‘सात नंबर पूर्णपणे तंदुरुस्त आहे.’ हा सात नंबर यंदाच दुसऱ्या टीमकडून आणलेला, आमचा सगळ्यात भारी खेळाडू. मी दुकानात बसल्या बसल्या म्हटलं, धादांत खोटं. माझं जिन्याखाली कपडे आल्टर करायचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, कंबर सैल करणं. कुठला पाय माणूस जपून टाकतो ते मला पँट हातात घेतल्यावर कळतं, कारण त्या पायाची कड कोरी राहते. सात नंबर उडी मारून खाली येताना डावा पाय जपत होता. पण कोच ऐकेल तर ना. ‘दुखरा माणूस मैदानात उतरवतात आणि आपल्याला तोंडावर खोटं सांगतात,’ असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावलं. एक बाई तर ब्लाउज न घेताच निघून गेल्या.

आमच्याकडे बदली माणूस कोण, तर खांब. खरं नाव कुणी घेत नाही. उंचीला खांब आणि आता हालचालीलाही खांबच. माझे केस काळे होते तेव्हापासून खेळतोय. त्याच्याबद्दलचं माझं मत मी कधी लपवून ठेवलं नाही. ‘ज्याला धावता येत नाही त्याने घरी बसावं,’ मी म्हणायचे. ‘बाकावरच्या माणसाला काय पुजायचंय? अडगळ नुसती. द्या विकून!’ हे मी दुकानात म्हटलं, जिन्यात म्हटलं, आणि जेवताना नवऱ्यासमोर तर कितीदा म्हटलं असेन.

आमचे हे सिटी बस चालवतात. इतकी वर्षं चालवली, पण कुणाच्या सायकललाही ओरखडा नाही. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान, आणि मला त्याहून जास्त. बोलायला कमी. सामना बघतानाही ते बघायचे आणि मी बोलायची. फार झालं की म्हणायचे, ‘अगं, जरा बघू दे.’

यंदा ते तसं म्हणेनात. उलट विचारायला लागले, ‘काय झालं? कुणी टाकला?’ समोर बसून! दुसऱ्या सामन्यात रेफ्रीने आमच्या माणसावर ढळढळीत खोटा फाऊल दिला, मी खुर्चीतून उठले, आणि हे म्हणाले, ‘असेल बाई, दिलाय म्हणजे.’ असेल? पिवळ्यांविरुद्ध? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

संशय गेला तो नणंदेवर. ताई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, यांच्याहून मोठ्या, आणि जन्माच्या पिवळ्या. त्यांनी आजवर यांना फोडायचा प्रयत्न केला नाही असा एक सीझन गेला नाही. आणि हल्ली दर गुरुवारी दुपारी दोघं भावंडं कुठेतरी जाऊन येत होती. कुठे, ते विचारलं तर ताई म्हणायच्या, ‘जरा पाय मोकळे करून आलो.’ पाय मोकळे करायला बसने? दोघांना बसमधून उतरताना मी दुकानातून पाहिलं होतं.

मग मी युनिफॉर्म तपासला. त्यांचे कपडे मीच धुते, मीच शिवते. ड्रायव्हरच्या शर्टाच्या पाठीवर सीटचा घामाचा पट्टा उमटतो, तो किती घासला तरी पुरता जात नाही. तो पट्टा नव्हता. पाठ कोरडी, आणि कोपरांना मात्र धूळ. म्हणजे स्वारी बस चालवत नव्हती. मग दिवसभर होती कुठे? ताईंकडे बसून पिवळ्यांचे जुने सामने बघत होती, अशी माझी जवळजवळ खात्री झाली. हसाल, पण लग्नात मी एवढं एकच मागितलं होतं की हा माणूस माझ्या बाजूने ओरडेल. तेवढंही जाणार असं वाटलं आणि मला खरंच रडू आलं.

तिसऱ्या सामन्याला हे कानटोपी घालून बसले. म्हणे कानात वारा जातो. खिडकी बंद, दार बंद, वारा आला कुठून? आणि चौथ्या सामन्यात तर कहरच झाला. सात नंबरने लांबून बॉल टाकला. बॉल हवेत होता, बास्केटच्या जवळही पोचला नव्हता, आणि हे ओरडले, ‘गेला!’

बॉल आत गेला.

पुढच्या वेळी पिवळ्यांचा माणूस नुसता पळत येत होता तोच हे कपाळाला हात लावून म्हणाले, ‘छे, दिला वाटतं फाऊल.’ मग शिट्टी वाजलेली दिसली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळं आधीच ठरलंय असं मी आयुष्यभर म्हणत आले, पण निकाल माझ्याच घरात आधी पोचत असेल असं कधी वाटलं नव्हतं. ताईंचं कुणीतरी आत असणार. सट्टेवाल्यांशी लागेबांधे असणार. आणि ते सगळं त्या कानटोपीत शिरत असणार.

चोर रंगेहाथ पकडायचा असं ठरवलं. पाचव्या सामन्याला, हे हात धुवायला आत गेले तेव्हा, मी प्लेऑफचा चालू सामना स्वतःच्या हाताने बंद केला. असं मी तापात फणफणत असतानाही केलं नव्हतं. त्या जागी गेल्या वर्षीचा रेकॉर्ड केलेला सामना लावला, तोही निळे-पिवळेच. त्यात आम्ही वाईट हरलो होतो आणि पुढे कितीदा तरी दोघांनी तो बघून दुःख केलं होतं. म्हटलं, येऊन बसतील, पहिल्या क्षणी म्हणतील, ‘अगं, हा जुना कशाला लावलास?’ मग मी विचारणार, जुना ओळखता येतो तर नव्यातलं आधी कसं कळतं?

ते आले, बसले. टीव्हीकडे तोंड करून थोडं पुढे झुकले. पडद्यावर टाइमआउट चालू होता, खेळाडू पाणी पीत उभे होते.

‘सात नंबर!’ हे टाळी वाजवून ओरडले. ‘काय टाकला! बघितलास?’

गेल्या वर्षी सात नंबर आमच्या टीममध्येच नव्हता.

मी उठून त्यांच्या आणि टीव्हीच्या मध्ये उभी राहिले. त्यांनी मान किंचित बाजूला केली, मला चुकवून बघायला नव्हे, मला बघायला. माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, ‘का गं, काय झालं?’

मी कानटोपी ओढली. कानात इअरफोन होता, वायर कॉलरमधून खिशातल्या छोट्या रेडिओत गेली होती. त्यातून बारीक आवाजात आजचा सामना चालू होता.

‘टीव्हीवर काय चाललंय?’ मी विचारलं.

‘सामना.’

‘कुठला?’

ते हळूच म्हणाले, ‘निळं-पिवळं काहीतरी हलतंय एवढं दिसतं. मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं, नुसता कान उरतो.’

‘चष्मा?’

‘चष्म्याने भागत नाही. डॉक्टर दर गुरुवारी बघतात. म्हणतात, गेलं ते येणार नाही, आहे ते राखू.’

भीतीच्या आधी राग आला, माझं असंच आहे. ‘आणि तुम्ही बस चालवताय? माणसं भरून? दुखऱ्या माणसाला उतरवणाऱ्या त्या कोचला मी महिनाभर चोर म्हणतेय आणि घरात मोठा चोर! उद्या मी येते डेपोत. तुम्हाला त्या सीटवर बसू द्यायची नाही मी!’

माझा आवाज खालच्या मजल्यावर पोचला असावा, कारण ताई धापा टाकत वर आल्या. ‘त्याला ओरडू नकोस,’ त्या दारातूनच म्हणाल्या. ‘बस त्याने कधीच सोडली.’

‘कधीच म्हणजे?’

‘प्लेऑफच्या आधी,’ हे म्हणाले. ‘एक दिवस पुढच्या बसची पाटी वाचता येईना. पुसून बघितली काच. काच स्वच्छच होती. मग बस कडेला घेतली, माणसं मागच्या गाडीत बसवली आणि साहेबांना जाऊन सांगितलं, यापुढे मी चालवणार नाही. आता स्टोअरमध्ये बसवलंय. लोक बसमध्ये विसरतात त्या वस्तू लावायच्या. छत्र्या, पिशव्या, एकेकटे बूट. हाताने कळतात.’

कोपरांची धूळ. मी मटकन खुर्चीत बसले. पिवळ्यांचे जुने सामने म्हणे!

‘मला का नाही सांगितलंत?’

ताईच म्हणाल्या, ‘मी रोज म्हणत होते, सांगून टाक. तर म्हणे, तिचं मत मला ठाऊक आहे.’

‘कसलं मत? मी कधी काय म्हटलं?’

‘बाकावरच्या माणसाला काय पुजायचंय,’ हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, मी म्हणते तसंच म्हटलं त्यांनी, त्याच चालीत. ‘अडगळ नुसती. द्या विकून.’

‘अहो, ते खांबाबद्दल होतं!’

‘हो. माहीत आहे.’

मी उठून तो जुना सामना बंद केला.

मग मी विचारलं, ‘आणि बास्केट व्हायच्या आधीच ओरडत होतात ते?’

‘आधी?’ ते खरोखर चकित झाले. ‘रेडिओ टीव्हीच्या पुढे असतो होय? मला काय कळणार! दिसलं असतं तर कळलं असतं.’ आणि ते हसायला लागले. ताईही हसल्या. मी मात्र रडले, आणि कानटोपी हातात घट्ट धरून रडले.

पाचवा सामना आम्ही जिंकलो होतो, तो मी बघितलाच नाही. सहावा हरलो. सातव्याच्या आदल्या दिवशी टीमने शेवटी कबूल केलं की सात नंबरचा गुडघा गेलाय. मी आधीच सांगितलं होतं हे मी या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

सातवा सामना रविवारी दुपारी होता. ताई पिवळा स्कार्फ घालून वर आल्या आणि मीच त्यांना चांगली खुर्ची दिली. यांनी कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

‘रेडिओ नको?’ मी विचारलं.

‘तू सांग.’

मी सुरुवात केली. ‘बघा, रेफ्री तोच आहे, त्याचं तोंडच सांगतंय...’

‘अगं, तोंड राहू दे. बॉल कुठे आहे?’

हे इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. आधी काय झालं ते सांगायचं, मत नंतर. माझं उलटं होतं. पहिल्या क्वार्टरभर मी अडखळत होते. मग जमलं. सात नंबर बाकावर होता, खांब मैदानात. तो पळत नव्हता, पण उभं कुठे राहायचं ते त्याला बरोबर कळत होतं. बॉल जिथे पडणार तिथे तो आधीच असायचा. मी तेही सांगितलं, जसंच्या तसं. यांनी मान हलवली.

शेवटी आम्ही एका पॉइंटने पुढे होतो आणि घड्याळात काही उरलंच नव्हतं. पिवळ्यांचा माणूस बॉल घेऊन आत घुसला. ‘खांब वर गेला,’ मी ओरडले, ‘अडवला! अडवला बॉल!’ हे उभे राहिले. आणि शिट्टी वाजलेली दिसली.

‘काय झालं?’

‘फाऊल दिला. खांबावर. पिवळ्यांना दोन फ्री थ्रो, एकेका पॉइंटचे.’

पडद्यावर निळे लोक डोक्याला हात लावून उभे होते, कोच रेफ्रीच्या अंगावर धावत होता. मग तो क्षण परत दाखवला, सावकाश.

‘लागला का हात?’ यांनी विचारलं.

माझं आयुष्य रेफ्रींना शिव्या देण्यात गेलं. नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर हा माणूस माझ्या बाजूने वर्षभर ओरडला असता. ताई माझ्याकडेच बघत होत्या. इअरफोन यांच्या हाताशी होता. त्यांनी तो उचलला नाही, माझ्या कानाच्या दिशेने बघत थांबले.

‘लागला,’ मी म्हणाले. ‘मनगटावर. स्पष्ट लागला.’

‘तुला दिसला?’

‘दिसला.’

‘मग लागला,’ म्हणून ते खाली बसले आणि त्यांनी माझा हात धरला. मी त्यांना दोन्ही फ्री थ्रो सांगितले. दोन्ही आत गेले.