रोसेंदाची सही

“अर्जात मालक म्हणून कोणाचं नाव लिहू?” कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी पुन्हा विचारलं.

एकतीस कामगारांच्या वतीनं आलेले पाच जण रोसेंदाकडं बघू लागले.

फिलिपिन्समधल्या मारिकिना शहरातल्या एका बुटांच्या कारखान्यात रोसेंदा सव्वीस वर्षं वरचं चामडं शिवत होती. वयानं मोठी म्हणून सगळ्यांची ती ‘आते’, म्हणजे ताई. भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं; शिवण वाकडी गेली तर न बोलता उसवायची आणि पुन्हा घालायची.

कारखाना दोघांच्या भागीदारीत होता. विल्फ्रेदो सर बँक आणि गिऱ्हाइकं बघत, आंपारो मॅडम माल आणि माणसं. जूनमध्ये सर परदेशी गेले ते परतलेच नाहीत. मग एकेक कळत गेलं. मशिनी गहाण होत्या, खातं रिकामं होतं, पगार थकले होते. पगारातून दर महिन्याला कापलेले विम्याचे पैसे दोन वर्षं कुठं भरलेच नव्हते. आलेल्या पाचांतल्या नेस्तॉरची बायको बाळंतपणाचा भत्ता मागायला गेली, तेव्हा विमा कार्यालयाच्या खिडकीवरून तिला हात हलवत परत पाठवलं होतं.

“नुसतं कारखान्याचं नाव घातलं तर?” रोसेंदानं विचारलं.

“तर निकाल तुमच्या बाजूनं लागेल आणि हातात कागद राहील. भागीदारीत काही उरलं नसलं, की भागीदारांनी आपल्या खिशातून द्यायचं असतं. एक इथं नाहीत. दुसऱ्यांचं राहतं घर सहसा जात नाही. पण आणखी काही आहे का त्यांचं?”

होतं. आईकडून आलेले दोन गाळे. सध्या त्यांच्या भाड्यावरच मॅडमचं घर चाललं होतं.

“घाला की मॅडमचं नाव!” नेस्तॉर उसळला. “आते, तुझ्या ऑपरेशनला पैसे दिले त्यांनी, म्हणून आम्ही उपाशी मरायचं का?”

रोसेंदाचा चेहरा उतरला. नुसते पैसेच नव्हे. मॅडम दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या होत्या. “आलेच,” म्हणून ती बाहेर गेली.

आजच्या चर्चेसाठी मॅडमनाही बोलावलं होतं. त्या व्हरांड्यातल्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या.

“बस, रोसेंदा.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझं नाव येऊ देऊ नकोस. तुझं जे काय निघतं ते मी देते. नाताळाच्या आत. फक्त कोणाला बोलू नकोस.”

“आणि बाकीचे तीस?”

“त्यांचं कुठून आणू? मीपण बुडालेय गं. मी चोरी केलीय का?”

“नाही.”

“मग?”

“विम्याच्या कागदांवर तुमचीही सही असायची ना, मॅडम?”

मॅडम म्हणाल्या, “विल्फ्रेदो म्हणायचा, भरलेत. मी विचारलं नाही.”

“आम्हीपण नाही विचारलं. तुम्ही आहात म्हणून.”

“तुझ्यासाठी काय नाही केलं मी?” मॅडमचा आवाज चढला. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

“केलंत. विसरणार नाही मी.” रोसेंदा म्हणाली. “पण ते मी एकटीनं फेडायचंय. या लोकांच्या पगारातून कसं फेडू?”

ती आत गेली. “आंपारो विल्यानुएवा,” ती म्हणाली. “लिहा.” आणि तिनंच पहिली सही केली. मघाशी आवाज चढवणारा नेस्तॉर खाली बघत होता.

मॅडमना आत बोलावलं. अर्ज वाचून दाखवला. “आजच काही कबूल करायची सक्ती नाही. वकील आणू शकता,” अधिकारी बाई म्हणाल्या. पंख्याखाली कागद फडफडत होते. मॅडमनी त्या सहीकडं बराच वेळ पाहिलं. गाळ्यांवरून वर्ष-दोन वर्षं कोर्टात झगडत बसणं त्यांना जमलं असतं.

“दोन गाळे आहेत,” त्या म्हणाल्या. “एक विकायला काढते. पैसे यांचे. नेस्तॉरच्या बायकोचं आधी बघा.”

फेब्रुवारीत गाळा विकला गेला. पगार मिळाले, विम्याचीही बरीच रक्कम भरली गेली. कारखाना मात्र गेलाच. मॅडमनी गाडीही विकली, असं कानावर आलं.

रोसेंदा आता नदीपलीकडं पिशव्या शिवायला जायची. एका सकाळी जीपनीत, म्हणजे समोरासमोर बाकं असलेल्या जीपसारख्या बसमध्ये, मागच्या दारातून कोणीतरी अवघडून चढलं, समोरच्या बाकावर टेकलं. आंपारो मॅडम होत्या. दोघींची नजरानजर झाली.

मॅडमनी भाड्याची नाणी काढली. ड्रायव्हर पार पुढं. बाकीचे भाडं हातोहात पुढं देत होते. मॅडम मात्र नाणी मुठीत धरून तशाच बसल्या.

रोसेंदानं हात पुढं केला. क्षणभर थांबून मॅडमनी “पुलापर्यंत,” म्हणत नाणी तिच्या तळव्यावर ठेवली. रोसेंदानं ती शेजारच्याकडं दिली.

“मॅडमचे,” ती म्हणाली. “पुलापर्यंत.”